टायबेरियसची झाक

मंदाकिनीबाई जिन्यात पाय घसरून उजव्या हातावर पडल्या, मनगट दीड महिन्यासाठी प्लास्टरमध्ये गेलं आणि त्या दिवसापासून घरातले देव घासायचं काम श्रीधर हुपरीकरांच्या वाट्याला आलं. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार उद्यावर आला होता. बुधवारी सकाळी सात वाजता श्रीधरपंत बाह्या वर सारून सिंकपाशी उभे होते. पुढ्यात परात, परातीत चिंचेचं पाणी, आणि पाण्यात बाळकृष्ण, घंटा, निरांजन आणि कुलदेवतांचे चांदीचे पाच टाक.

"अहो, टाक नीट घासा. खंडोबाच्या नाकाडोळ्यांत चिंच राहता कामा नये," बाहेरच्या खोलीतून मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"खंडोबाला नाक राहिलंय कुठं? तीन पिढ्यांनी घासून घासून सपाट केलंय."

"मग उरलंय तेवढं घासा."

श्रीधरपंत चौसष्ट वर्षांचे होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि दमलेले होते. नोकरीनं ते दमले नव्हते. तिथं दमण्यासारखं काही नव्हतं. त्यांना दमवलं होतं माणसांनी. हुपरीकरांना जुनी नाणी ओळखता येतात ही गोष्ट शनिवार पेठेतून बाहेर कशी फुटली कोण जाणे, पण गेली कित्येक वर्षं ज्याला कुठं काही गोल सापडेल तो दोन जिने चढून त्यांच्या दारात उभा राहत असे. प्रत्येकाचं नाणं रोमन असे. श्रीधरपंत भिंग लावून बघत आणि ते साखर कारखान्याचं टोकन निघे. त्याहून वाईट म्हणजे माणसं ती नाणी लख्ख घासून आणत. विद्वान माणसाच्या घरी मळकी वस्तू कशी न्यायची, हा त्यांचा सरळ हिशेब. "घासू नका" हे दोन शब्द श्रीधरपंतांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा रामाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना मोक्ष मिळाला असता.

आणि आता येत्या रविवारी हेच दोन शब्द त्यांना माइकवरून बोलायचे होते. नाणेप्रेमी मंडळाचे ते अकरा वर्षं चिटणीस होते. चिटणीस म्हणजे खुर्च्या मांडणारा, चहा सांगणारा आणि माइक चालू-बंद करणारा. अकरा वर्षांत त्यांना कोणी बोलायला उभं केलं नव्हतं. या वेळी औरंगाबादचे वक्ते आयत्या वेळी आजारी पडले आणि अध्यक्ष डॉक्टर गोपाळकृष्ण बर्वे फोनवर म्हणाले, "हुपरीकर, तुम्हीच काहीतरी पंधरा मिनिटं बोला. लोक चहाला थांबतील तोवर." श्रीधरपंतांनी विषय दिला: 'नाण्यावरची झाक'. फोन ठेवल्यावर त्यांनी तो विषय वहीत तीन वेळा लिहून बघितला. हे त्यांनी मंदाकिनीबाईंनाही सांगितलं नाही.

झाक म्हणजे जुन्या चांदीवर आपोआप चढणारा रंग. इंग्रजी पुस्तकं वाचणारे सभासद त्याला टोनिंग म्हणत. श्रीधरपंतांकडे खरं रोमन नाणं एकच होतं. नोकरी लागली त्या वर्षी जुन्या बाजारात दादामियाँकडून घेतलेलं, टायबेरियस राजाचं चांदीचं नाणं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं राजाचं डोकं, उलट बाजूला हातात फांदी घेऊन खुर्चीवर बसलेली बाई. "साहेब, याला हात लावू नका, कागदात गुंडाळून लाकडाच्या खणात टाका. आपलं आपण रंगेल," असं दादामियाँ म्हणाले होते. श्रीधरपंतांनी चाळीस वर्षं ते ऐकलं. राजाचं डोकं हळूहळू पिवळसर झालं, मानेपाशी जांभळं उतरलं, आणि गेल्या दहा वर्षांत मुकुटामागं एक असा निळा रंग आला होता की तो बघितला म्हणजे श्रीधरपंतांना आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली असं वाटे.

तेच नाणं त्या बुधवारी ओट्यावर, कागदाच्या पाकिटावर ठेवलेलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचा उजेड चांगला येतो, आणि दोन्ही हात कामात असले तरी तोंड रिकामं असतं. श्रीधरपंत भाषणाची तालीम करत होते. चष्म्यावर पाणी उडतं म्हणून तो फ्रिजवर काढून ठेवला होता.

"मित्रहो, चांदीला हवेतला गंधक लागतो. आधी ती पिवळी होते, मग तांबूस, मग जांभळी, मग निळी. आणि त्यापुढं गेली की काळी. ही झाक म्हणजे नाण्याचं वय. ती घासून काढणं म्हणजे..." इथं त्यांनी नाणं उचललं, उजेडात धरलं, समोरच्या फोडणीच्या डब्यांवरून नजर फिरवली. "...म्हणजे म्हाताऱ्याच्या सुरकुत्या इस्त्रीनं काढणं!" वाक्य जमलं. ते पुन्हा एकदा म्हटलं. नाणं खाली ठेवलं, हात परातीकडे वळले आणि काम पुढं सुरू झालं. चिंच, पावडर, ब्रश, पाणी. "नाण्याला कधीही, कुठल्याही कारणानं, कोणीही..." त्यांचा अंगठा गोल गोल फिरत होता.

"झाले का पाच?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"मोजतोय. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

"सहा कसे असतील? पाच आहेत."

श्रीधरपंतांनी फ्रिजवरून चष्मा घेतला. पाच टाकांना नाक नव्हतं. सहाव्याला होतं, आणि चांगलं धारदार होतं. पानांच्या मुकुटाचं एकेक पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ दिसत होतं. टायबेरियस आजच सराफाकडून आल्यासारखा चकाकत होता.

"पाचच आहेत," श्रीधरपंत म्हणाले आणि ओट्याला टेकले.  चाळीस वर्षं, आणि ती एका बाळकृष्णाला लागतो तेवढ्या वेळात गेली.

बायकोला सांगून मोकळं व्हावं, तर त्याचीही सोय नव्हती. लग्नानंतर पाचव्या वर्षी, त्यांच्या वाढदिवसाला, मंदाकिनीबाईंनी मोठ्या हौसेनं त्यांची एक तांब्याची शिवराई चिंच लावून उजळून ठेवली होती. श्रीधरपंतांनी अकरा दिवस अबोला धरला होता. तो अबोला त्यांना आता शब्दन् शब्द आठवला. त्यांनी नाणं पुसून पाकिटात घातलं आणि "जरा जाऊन येतो" म्हणून चपला पायात सरकवल्या.

बुधवार म्हणजे जुन्या बाजाराचा दिवस. दादामियाँ जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांच्या जागेवर आता त्यांचा मुलगा करीम बसत असे. पुढ्यात कुलपं, पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं आणि एका ताटलीत नाणी. श्रीधरपंतांनी पाकीट उघडून त्याच्या हातावर नाणं ठेवलं. करीमनं ते दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं.

"काका, हे अब्बांनी दिलेलं?"

"हो."

"कुणी केलं हे?"

"मीच."

"तुम्ही? तुम्ही तर माझ्या गिऱ्हाइकांना घासलं म्हणून झापता. परवा एक जण रडायला आला होता."

"करीम, बोल नंतर. काही उपाय आहे का?"

करीमनं इकडं तिकडं बघितलं. "अंडं," तो म्हणाला.

"काय?"

"उकडलेलं अंडं घ्यायचं, अर्धं कापायचं. पिवळं वरती. एका घट्ट डब्यात अंडं ठेवायचं, शेजारी नाणं, झाकण लावायचं. अंड्यात गंधक असतो. दर दहा मिनिटांनी उघडून बघायचं. पिवळं होईल, जांभळं होईल. निळ्यावर काढा. निळ्यावर नाही काढलं तर कोळसा."

"अरे, पण ही लबाडी झाली."

"काका, चांदीला गंधक लागतो. हवेतला लागला तर चाळीस वर्षं, अंड्यातला लागला तर चाळीस मिनिटं. चांदीला कुठं कळतंय?"

"आमच्या घरात अंडं चालत नाही."

"खायचं कुठंय? नुसतं दाखवायचंय. नाहीतर इथं ठेवून जा, मी करतो."

नाणं दुसऱ्याच्या हातात देण्याइतका विश्वास श्रीधरपंतांचा आता स्वतःवरही उरला नव्हता. ते निघाले. शनिवार पेठेत अंडं विकत घेणं शक्यच नव्हतं, दुकानदार नुसतं अंडं देत नाही, वर "आज काय विशेष?" विचारतो आणि उत्तर चार घरांत पोचवतो. त्यांनी रिक्षा केली आणि थेट स्वारगेट गाठलं. एसटी स्टँडाबाहेर संपत नावाच्या माणसाची उकडलेल्या अंड्यांची गाडी होती.

"एक द्या. सोलू नका. कापू नका. मीठ-मसाला काही नको."

संपतनं सुरी खाली ठेवली. "मग काय आजोबा, बघायला घेताय?"

"हो," श्रीधरपंत म्हणाले. इतकं खरं ते पुढच्या चार दिवसांत पुन्हा बोलले नाहीत.

दुपारी मंदाकिनीबाई पडल्या होत्या तेव्हा त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं, नोकरीच्या काळातला जेवणाचा डबा माळ्यावरून काढला, कागद कापायच्या पट्टीनं अंडं अर्धं केलं आणि करीमनं सांगितलं तसं सगळं मांडलं. दहा मिनिटांनी झाकण उघडलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं, पण राजाच्या गालावर फिकट पिवळा रंग चढला होता. जो रंग यायला त्यांची एक बढती आणि दोन बदल्या लागल्या होत्या, तो समोर आला होता. त्यांना आनंदही झाला आणि आपल्या आनंदाची लाजही वाटली. इतक्यात दारावरची बेल वाजली.

बाहेर हिंजवडीचा बजरंग उभा होता. त्याच्या वावरात कंपनी उभी राहिली होती, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आला होता, पण बोली तीच होती.

"सायेब, पाया खणताना घावलं. रोमन हाय का बगा. तुमच्याकडं आणायचं म्हून आईनं कालच राखंनं घासून दिलंय."

"अहो, नाणं घासायचं..." श्रीधरपंत म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

"चूक झाली का?"

"होते. माणसाकडून होते."

हे नवीनच होतं. बजरंग दोनदा येऊन बोलणी खाऊन गेला होता. आज साहेब मऊ लागलेत म्हटल्यावर तो ऐसपैस बसला. नाणं बडोद्याचं निघालं. मग त्यानं जमिनीची मोजणी सांगितली, भावकीची भांडणं सांगितली, कंपनीच्या बसगाड्यांमुळे म्हशीला रस्ता ओलांडता येत नाही ते सांगितलं. मंदाकिनीबाईंनी डाव्या हातानं चहा केला. तो गेला तेव्हा सव्वा तास झाला होता. श्रीधरपंतांनी डबा उघडला. टायबेरियस कोळसा झाला होता.

गुरुवारी पहाटे त्यांनी नाणं पुन्हा चिंचेनं घासलं. दुसऱ्यांदा घासताना मन पहिल्याइतकं खात नाही, हे कळून त्यांना स्वतःची भीती वाटली. मग पुन्हा स्वारगेट.

"तसंच ना आजोबा? बघायचं?" संपतनं विचारलं.

"अगं बाई, भाऊजी!"

मागं श्यामला उभी होती. मंदाकिनीबाईंची भजनी मंडळातली मैत्रीण. सासवडच्या गाडीची वाट बघत होती. तिनं श्रीधरपंतांकडे बघितलं, अंड्याकडे बघितलं, आणि मग आजचा वार आठवून आभाळाकडे बघितलं.

"एकाला... दाखवायला घेतोय," श्रीधरपंत म्हणाले.

"असू दे हो भाऊजी," श्यामला म्हणाली. या चार शब्दांत तिनं त्यांना क्षमा केली, त्यांची कीव केली आणि संध्याकाळच्या फोनची तयारीही केली.

त्या दुपारी श्रीधरपंतांनी दार आतून लावून घेतलं, वासावर इलाज म्हणून चार उदबत्त्या लावल्या आणि डब्यासमोर खुर्ची टाकून बसले. आज कोणी आलं तरी उठायचं नाही. कोणी आलं नाही. पण दोन दिवसांची धावपळ, वर गुरुवारचा उपास आणि उदबत्तीचा धूर. पिवळ्यानंतर जांभळं बघायच्या आतच त्यांची मान छातीवर पडली. जाग आली ती बाहेरून मंदाकिनीबाईंनी दार वाजवलं तेव्हा.

"अहो, पूजेला बसायचंय ना? आणि आत एवढ्या उदबत्त्या कशाला? भक्ती उतू चाललीय का?"

"आलो, आलो."

"कसला वास येतोय?"

"कसला?"

 "ते तुम्हाला ठाऊक," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि गेल्या.

डब्यात दुसरा कोळसा होता. रात्री श्यामलाचा फोन आला. मंदाकिनीबाई गॅलरीत जाऊन बोलल्या, आत आल्या, आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं.

"मला? नाही."

"बरं."

शुक्रवारी त्या बोलल्या नाहीत. शनिवारीही फक्त कामापुरतं. श्रीधरपंतांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या डोक्यात तिसरं अंडं होतं. शनिवारी मात्र सगळं जमलं. बेल वाजली नाही, डोळा लागला नाही. पिवळं, तांबूस, जांभळं... आणि मुकुटामागं निळा रंग उतरताच त्यांनी चिमट्यानं नाणं उचललं. रंग चाळीस वर्षांचा नव्हता. तो जास्त चांगला होता. श्रीधरपंत खाटेवर बसले आणि खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना रडू येत होतं, पण नक्की कोणत्या नाण्यासाठी ते ठरत नव्हतं.

रविवारी दहा वाजता शाळेच्या वर्गात मंडळाची सभा भरली. चाळीसेक सभासद बाकांवर अडकून बसले होते. प्रत्येकाच्या पुढ्यात आपापल्या नाण्यांचे काचेचे डबे उघडे. खुर्च्या, चहा, माइक आणि नाणं मोठं दाखवायचा कॅमेरा-पडदा हे सगळं सवयीनं श्रीधरपंतांनीच लावलं आणि मग ते वक्त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. डॉक्टर बर्वे दातांचे डॉक्टर होते. बोलताना समोरच्याच्या तोंडात बघत.

"आजचं आकर्षण," ते म्हणाले, "म्हणजे आपल्या हुपरीकरांचं नाणं. चाळीस वर्षं, मित्रहो, चाळीस वर्षं या माणसानं त्याला बोट लावलेलं नाही. याला म्हणतात संयम!"

टाळ्या पडल्या. श्रीधरपंत उठले. तालीम केलेलं सगळं नीट आठवत होतं. ते वाक्य सुद्धा. नाणं कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि टायबेरियस पडद्यावर दोन पुरुष उंचीचा होऊन उभा राहिला. वर्गातून "वा!" निघालं. जांभळ्यातून निळ्यात जाणारा तो रंग बघून मागच्या बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. श्रीधरपंतांना वाटलं, निभावलं.

"सर," पहिल्या बाकावरच्या एका वयस्कर सभासदानं हात वर केला, "मुकुटाच्या चौथ्या पानाखाली काहीतरी पिवळं चमकतंय. ते काय?"

सगळ्यांनी बघितलं. पडद्यावर ते लिंबाएवढं दिसत होतं.

"सोनं!" डॉक्टर बर्वे एकदम उभे राहिले. "मुलाम्याचा अंश! मित्रहो, म्हणजे राजाचा मुकुट त्या काळी सोन्यानं मढवलेला असणार. हे कुठल्याही पुस्तकात नाही. हुपरीकर, हे आपण मंडळाच्या अंकात छापू. तुमच्या नावानं! तुम्ही फक्त हो म्हणा."

चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. अकरा वर्षं चहा सांगणाऱ्या माणसाकडे कोणी असं बघितलं नव्हतं. फक्त हो म्हणायचं होतं. पण त्यापुढं तो लेख लिहायचा, तो कुणीतरी वाचायचा, कुणीतरी दिल्लीहून पत्र पाठवायचं, आणि त्याला उत्तर द्यायचं. चार दिवसांत तीन अंडी सांभाळताना श्रीधरपंत इतके दमले होते की आता आणखी एक खोटं उचलायची ताकद त्यांच्यात नव्हती.

"ते सोनं नाही," ते म्हणाले. "ते अंडं आहे."

"कशाचं?" मागून कोणीतरी विचारलं.

"कोंबडीचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. परात, चिंच, सहावा टाक, स्वारगेट, दोन कोळसे. कुठं काही लपवलं नाही. "चाळीस वर्षं मी लोकांना घासू नका म्हणून सांगत आलो," ते शेवटी म्हणाले, "आणि गेल्या चार दिवसांत हे नाणं मी तीनदा घासलंय. तुम्हाला माझा राग आला असेल तर तो बरोबर आहे." आणि ते खाली बसले.

 मग पहिल्या बाकावरच्या त्याच सभासदानं खाकरून विचारलं, "अंडं कच्चं घ्यायचं का उकडलेलं?"

"उकडलेलंच. कच्च्यानं काही होत नाही," तिसऱ्या बाकावरून कोणीतरी पटकन म्हणालं. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. बोलणारा छताचा पंखा बघू लागला. आणि त्याच वेळी वर्गात ठिकठिकाणी काचेच्या डब्यांची झाकणं हळूच बंद होऊ लागली.

डॉक्टर बर्वे श्रीधरपंतांच्या कानाशी वाकले. "हुपरीकर, पण इतका निळा? मी सहा वर्षं लसणीच्या पाकळ्या वापरतोय, जांभळ्याच्या पुढं जातच नाही," ते कुजबुजले. माइक बंद करायचं काम अकरा वर्षं श्रीधरपंतांचं होतं आणि आज ते वक्ते होते, त्यामुळे माइक चालूच होता.

पंधरा मिनिटांचं भाषण दीड तास चाललं. चहा गार झाला. गावरान अंडं का साधं, डबा स्टीलचा का काचेचा, नाणं आडवं का उभं. वहीत टिपणं घेतली जात होती. शेवटी डॉक्टरांनी शाल घातली आणि नारळ दिला. आपण हरलो का जिंकलो ते श्रीधरपंतांना कळेना, पण कित्येक दिवसांनी अंग हलकं झालं होतं. परतताना त्यांनी ठरवलं: आता घरी गेल्या गेल्या मंदाला सगळं सांगायचं. चाळीस परक्यांना सांगितलं, तर तिला का नाही? तिनं अकरा दिवस अबोला धरला तरी तो आपल्याला लागू आहे.

दार मंदाकिनीबाईंनी उघडलं. "हातपाय धुवा आणि बसा," त्या म्हणाल्या.

टेबलावर एक कागदाची प्लेट होती. तिच्यात एक उकडलेलं अंडं, दोन तुकडे केलेलं; वर मीठ आणि मिरपूड. मंदाकिनीबाई पलीकडच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. प्लास्टरमधला हात मांडीवर, दुसऱ्या हातानं नाकाला पदर.

"मंदा, हे काय?"

"अंडं. माझ्यापेक्षा तुमच्या जास्त ओळखीचं आहे."

"अगं, पण..."

"श्यामलानं सांगितलं मला. स्वारगेटला, गाडीपाशी, उघड्यावर. आधी मला फार राग आला. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. मग म्हटलं, राग नक्की कोणाचा? दिवाळीत डॉक्टर म्हणाले होते ना, अशक्तपणा आहे, अंडं खात जा. तेव्हा 'आमच्यात चालत नाही' असं मीच सांगून टाकलं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. चौसष्टाव्या वर्षी माणूस चोरून, दार लावून खातो, वास जावा म्हणून उदबत्त्या लावतो..." त्यांनी नाकावरचा पदर आणखी घट्ट धरला. "खायचं होतं तर सरळ सांगायचं."

"मंदा, ऐक. मला तुला एक सांगायचंय."

"काही सांगू नका. सांगायची वेळ यायलाच नको होती. श्यामलाकडून आणवलं. पातेलं वेगळं घेतलं. गॅलरीत शेगडीवर उकडलं, स्वयंपाकघरात नाही आणलं. एका हातानं सोलताना थोडं तुटलंय, तेवढं चालवून घ्या."

श्रीधरपंतांनी प्लेटकडे बघितलं. पांढऱ्या भागावर बोटांचे चार खड्डे होते. ज्या बाईनं जन्मात अंड्याला शिवलं नव्हतं, जी भाजीवाल्याच्या पिशवीला पलीकडच्या दुकानातल्या अंड्यांचा ट्रे लागला तर भाजी परत करायची, तिची ती बोटं होती. भर सभेत खरं बोलून आलेल्या माणसानं तोंड उघडलं, आणि अर्धं अंडं उचलून तोंडात घातलं.

श्रीधरपंतांनीही जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. पिवळा भाग टाळूला चिकटला. त्यांनी तो पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरवला.

"गाडीवरच्यासारखं झालंय का?" खिडकीकडे बघतच मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"त्याहून चांगलं," श्रीधरपंत म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी नाकावरचा पदर खाली घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं.

"मग रोज एक करत जाईन," त्या म्हणाल्या. "गुरुवार सोडून."

"गुरुवार सोडून," श्रीधरपंतांनी मान डोलावली आणि उरलेला अर्धा तुकडा उचलला.